एक फुल, एक हाफ

हितेश, तुझा फोटो आला.
ताहाराबादच्या पंक्चरवाल्या पोरानं बोटांनी मोठा करून दाखवला,
मग दुकानातल्या चौघांनी पाहिला.
टेकडी, टेकडीखाली कौलारू गाव,
माथ्यावर किल्ला. बुरूज असे, की आत्ताच दाढी करून बसलेत.
खाली तू लिहिलंस : मामा, डिट्टो आपलं मुल्हेर.

त्या गावाचं नाव मी तीनदा वाचलं. तोंडात मावत नाही.
तुझी आई नुसतं ‘स्पेनचं मुल्हेर’ म्हणते,
आणि वाईन कंपनीनं तुला छाटणी शिकायला पाठवलं
हे बायकांना सांगताना
वाईन गाळते.

तिथं किल्ल्याला तिकीट आहे म्हणतोस. सातशे रुपये पडले.
हे मला रात्रभर टोचलं.
बत्तीस वर्षं मी सटाणा–मुल्हेर गाडीवर तिकिटं दिली,
दोर घेतलेल्यांना, गमबूट घातलेल्यांना,
‘गडावर पाणी आहे का हो?’ विचारणाऱ्यांना.
सगळ्यांना सांगितलं, आहे, मोती तलावात आहे.
मी स्वतः चढलो होतो चौथीत, एकदा,
तेही हरवलेल्या म्हशीमागं, अर्ध्यापर्यंत.

तर परवा गेलो.

पुढं सोमी होती, अकरा शेळ्या घेऊन.
मोरा डावीकडं, हरगड उजवीकडं, मधे आपला,
वाटणीनंतर तीन भाऊ एका ओट्यावर बसावेत
पण बोलू नयेत, तसे.
आपले बुरूज दाढी करत नाहीत, हितेश.
एकाच्या कानातून पिंपळ फुटलाय.
पायऱ्यांवर गवत, गवतात गुटख्याची पुडी,
पुडीशेजारी घडीव चिरा, चिऱ्यावर कमळ,
कमळावर शेळी.
सोमीला कमळ दिसलं नाही.
ती शेळीचा खूर बघत होती. खुरात काटा होता.

राजे होते म्हणतात. वेढे पडले, तह झाले.
मास्तर सन सांगायचे, मी विसरलो.
दरवाजा म्हणजे आता नुसती कमान,
फळ्या केव्हाच कुणाच्या तरी चुलीत गेल्या असतील.
त्या कमानीखाली उभा राहिलो, आणि काय झालं कोण जाणे,
हात खिशात गेला.
पंच अजून बाळगतो मी.
डेपोत ‘हरवला’ म्हणून लिहून दिलंय. तू बोलू नकोस.
सागाची दोन पानं तोडली, टक् टक् केलं :
एक फुल, एक हाफ.
सोमीनं आपलं पान उजेडाला धरून पाहिलं.
‘मामा, नि शेळ्यास्नं?’
लगेज, म्हटलं.
अकरा भोकं पाडली.

वर तलाव आहे.
बत्तीस वर्षं खोटं बोललो नाही, एवढं तुला कळवतो.
काठावर बसलो तर पोरगी म्हणते, ‘दमना का, मामा?’
तिथून रस्ता दिसतो, मोसमच्या कडेनं.
ताहाराबादकडून गाडी येत होती, तिळाएवढी.
आत उभं राहून सुटे पैसे मोजताना
कधी कळलं नाही, आपण वरून एवढेच आहोत.
पहाऱ्यावरच्या कुणा शिपायालाही हेच दिसलं असेल,
एक तीळ, हलणारा.
फौज की वरात,
सुरतेचा व्यापारी की बहिणीला न्यायला आलेला भाऊ,
वेशीत शिरेपर्यंत ठरत नाही.
आणि तोवर हात कशावर ठेवून बसत असेल तो?
मी गुडघ्यावर ठेवला होता.

तू विचारलंस, रात्री आपला किल्ला कसा दिसतो,
तिथं म्हणे पिवळे दिवे सोडतात अंगावर.
आपला दिसत नाही रे.
अंगणात खाट टाकून वर बघायचं,
जिथं चांदण्या नसतात
तेवढा तो असतो.

तुझंही एक पान पाडलंय. पाकिटात वाळेल,
भोक राहील.
तिथल्या फाटकावरच्या माणसानं अडवलं तर दाखव,
म्हणावं,
परतीचं आहे.